चिप्स वाढायचे ते ताटाच्या डाव्या बाजूला

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की डब्याचा वाद ठरलेलाच. शाळेची सूचना येते: डब्यात चिप्स, पाकिटे नकोत, पोळी-भाजी द्या. लगेच पालकांत दोन फळ्या पडतात. एक म्हणते, आमचे चिप्स बटाट्याचे नाहीत, बीट-गाजर-भेंडीचे आहेत, म्हणजे भाजीच झाली की. दुसरी म्हणते, चिप्स म्हणजे विष, आणि ते डब्यात घालणारी आई आळशी. दोघीही तावातावाने भांडतात आणि दोघींचाही नेम चुकतो, कारण ‘पौष्टिक की अपायकारक’ हा प्रश्नच इथे कामाचा नाही. भाज्यांचे चिप्स मुलांना जरूर द्यावेत, पण ते खाऊच्या खात्यावर मांडावेत, भाजीच्या नव्हे, एवढेच माझे म्हणणे. मराठी ताटाने हा निवाडा कधीचाच करून ठेवला आहे. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, पापड-कुरडई. डावी बाजू कमी प्रतीची नसते, पण तिथले माप ठरलेले असते. कुरडई गव्हाची म्हणून तिला पोळीच्या जागी कोणी वाढत नाही. मग बीटाच्या चकत्या तळल्या की त्या उजवीकडे कशा जाऊन बसतात?

चिप्सवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करू, कारण विरोधक तो हिशेब न मांडताच उडवून लावतात. बीटात ८७-८८ टक्के पाणी असते. एक किलो बीट सोलले की साडेआठशे ग्रॅमच्या आसपास उरते. त्याच्या चकत्या तळताना पाणी उडून जाते आणि हातात येतात दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम चिप्स. म्हणजे ३० ग्रॅम चिप्समागे जवळजवळ १५० ग्रॅम सोललेले बीट असते. त्यातला चोथा जागेवर राहतो. पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखी खनिजेही बहुतांशी राहतात, कारण ती तेलात उतरत नाहीत. गाजरातले बीटा कॅरोटिन तर तेलाच्या सोबतीनेच नीट अंगी लागते. कोरडे गाजर चघळण्यापेक्षा जेवणात थोडी स्निग्धता असलेली बरी, हे आहारशास्त्र सांगतेच. तेव्हा ‘तळले की भाजीचे काही उरत नाही’ हे निखालस खोटे आहे. असल्या खोट्याच्या आधारावर केलेली बंदी मुलांनाही पटत नाही.

पण हाच हिशेब आता शेवटपर्यंत न्या. त्या ३० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम तेल आहे, चहाचे दोन चमचे भरून. मूळच्या १५० ग्रॅम बीटात ६५ कॅलरी होत्या, त्याच चिप्समध्ये दीडशेवर गेल्या. क जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट झाले. आणि सर्वांत मोठा बदल कोणत्याच तक्त्यात दिसत नाही: पाणी गेले. सात-आठ वर्षांच्या मुलाला १५० ग्रॅम बीट चावून खायला दिले तर निम्म्यावरच त्याचे तोंड दमते आणि पोट भरते. चिप्स मात्र पाच मिनिटांत फस्त होतात, वर हात डब्याच्या तळाशी चुरा शोधत राहतो. जेवणात भाजीचे काम फक्त जीवनसत्त्वे पुरवण्याचे नसते. ती घासाचा वेग कमी करते, पोट भरते आणि पोळी-भाताचा मारा आपोआप आटोक्यात ठेवते. चिप्स करताना नेमके तेच काम आपण तिच्याकडून काढून घेतो. मग तिला भाजीचा हुद्दा कशाच्या जोरावर ठेवायचा?

हे सगळे झाले खऱ्या बीटाचे. दुकानात मात्र ‘व्हेज चिप्स’ नावाखाली दोन वेगळ्या जाती शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि वाद घालणारे दोन्हींना एकाच मापाने मोजतात. पहिल्या जातीत भाजीच्या खऱ्या चकत्या असतात. त्या बऱ्याचदा निर्वात कढईत तळतात. दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाच उकळते, त्यामुळे भेंडी हिरवी राहते आणि बीट काळे पडत नाही. तंत्र चांगले आहे, पण तेल चुकत नाही. पाकिटामागे १०० ग्रॅमला २०-३० ग्रॅम मेद लिहिलेला सर्रास दिसतो. दुसरी जात म्हणजे नळ्या, चकल्या आणि जाळीदार फुले, हिरवी-केशरी-पांढरी. ती भाजी कापून होत नाही. बटाट्याचा स्टार्च, मक्याचे किंवा तांदळाचे पीठ दाबयंत्रातून काढून फुगवायचे, पामतेलात तळायचे आणि वर मसाला फवारायचा, असा तो प्रकार. पालक किंवा टोमॅटो त्यात भुकटीच्या रूपाने, बहुधा रंगापुरता.

दोन्हींतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे पहिले लिहिले ते सर्वांत जास्त. शिवाय ज्या घटकाचा पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने गाजावाजा केला आहे त्याची टक्केवारी छापणे २०२० च्या लेबल नियमांनुसार बंधनकारक आहे. समोर पालकाची जुडी आणि मागे ‘पालक भुकटी’ दोन टक्के, असे असेल तर निर्णय झालाच. मिठासाठी सोडियमचा आकडा बघायचा आणि अडीचने गुणायचा: १०० ग्रॅममागे ७०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितले आहे, मुलाला त्याहून कमी. आणखी एक हिशेब किमतीचा. दहा रुपयांच्या पाकिटात २०-२५ ग्रॅम माल असेल, तर किलोला ४००-५०० रुपये पडले. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करणारे आपण हा भाव मात्र मुकाट देतो, कारण तो किलोत लिहिलेला नसतो.

घरी केलेले चिप्स चांगले, हा पुढचा बचाव. बऱ्याच अंशी खराही आहे, पण नीट केले तर. चकत्या दीड ते दोन मिलिमीटरच्या आणि सगळ्या सारख्या हव्यात; हाताने सुरीने कापल्या तर एका बाजूने जाड होतात, कडा जळतात आणि मधला भाग मऊच राहतो. त्यापेक्षा चिप्सची किसणी बरी. कापल्यावर फडक्यावर पसरून पंख्याखाली तासभर सुकवाव्यात. चकतीत पाणी जितके कमी तितके तेल कमी शिरते. तेल १४०-१५० अंशांवर ठेवावे. बटाट्याच्या सवयीने कडकडीत तापवले की घोटाळा होतो, कारण बीट-गाजरात साखर जास्त असते आणि आतले पाणी जायच्या आत ती करपते. गाजर निदान तपकिरी पडून इशारा देते. बीट मूळचेच गडद, त्यामुळे करपलेले दिसतच नाही. खाल्ल्यावर कडू लागते तेव्हा कळते. म्हणून बीटाचा रंग बघायचा नाही, बुडबुडे बघायचे. चकतीभोवतालचा फेस विरळ होऊन थांबत आला की पाणी संपले, लगेच उपसायचे. भाज्या एकत्र तळू नयेत, प्रत्येकीची वेळ वेगळी. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि तिला मीठ तळून झाल्यावरच लावावे. आधी लावले तर पाणी सुटून तार धरते. बरेचसे तेल कढईत नव्हे, बाहेर काढल्यावर शिरते. वाफ निवते तशी पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून उपसल्या उपसल्या झारा झटकून चकत्या चाळणीत उभ्या ठेवायच्या. ताटलीत ढीग घालायचा नाही. एअर फ्रायरमध्ये करायचे तर चमचाभर तेल चोळून १२० अंशांच्या आसपास सावकाश, मधून मधून हलवत. तेल खूप वाचते, पण एका वेळी मूठभरच होतात. एवढी निगुती केल्यावरही हाती येतो तो खाऊच. फार तर चांगला खाऊ.

‘आपल्या आज्याही भाज्या वाळवून तळतच होत्या की’, असे कोणी म्हणेल. होत्याच. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी; वाळवणाला याहून चांगला मुलूख शोधून सापडायचा नाही. ताकात मुरवलेल्या गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, सांडगे, भरल्या मिरच्या हे सगळे गच्चीवर पडायचे. ज्या महिन्यांत भाजी मिळत नाही त्यांची ती तरतूद होती, आणि अवर्षणाच्या या जिल्ह्यात असे महिने पुष्कळ असत. अशा चार शेंगा आमटी-भाताबरोबर तोंडी लावायला तळत. वाटीभर तळून ‘आज हीच भाजी’ असे कोणी म्हणत नसे. १९७२ च्या दुष्काळात मदत म्हणून वाटलेल्या सुकडीने किती मुलांना तगवले हे जुनी माणसे सांगतात, पण पाऊसपाणी सुधारल्यावर रोजच्या जेवणाऐवजी सुकडी द्या असा आग्रह कोणी धरला नाही. टंचाईची सोय सुबत्तेत नेहमीचे अन्न होऊन बसली की तिचे गणित बिघडते. मंडईत गाजर-मेथीचे ढीग लागलेले असताना मुलाला वर्षभर वाळवण खाऊ घालून परंपरेचा दाखला देणे म्हणजे परंपरेचा सोयीस्कर अर्धा भाग उचलणे.

पदार्थाचे मूळ चांगले म्हणून पदार्थ चांगला, या युक्तिवादाने आपण पूर्वीही फसलो आहोत. डालडा १९३७ च्या सुमारास बाजारात आला. वनस्पती तूप म्हणजे झाडापासूनचे, स्वस्त, स्वच्छ डब्यात बंद. पुढे तर त्यात अ जीवनसत्त्व घालणेही सक्तीचे झाले. मूळ वनस्पतीचे, वर जीवनसत्त्व, मग खोट कुठे? खोट प्रक्रियेत होती. तेल गोठवण्यासाठी हायड्रोजन घालताना जे ट्रान्स फॅट तयार होत त्यांचे हृदयावरचे परिणाम कळायला आणि कायद्याने त्यांना वेसण घालायला अनेक दशके गेली. २ टक्क्यांची आजची मर्यादा २०२२ पासूनची आहे. भाज्यांचे चिप्स डालड्याइतके घातक आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्याच्या तेलाचे वनस्पती तूप होई तो शेंगदाणाही जमिनीतूनच आला होता आणि बीटही जमिनीतूनच आले, एवढ्यावरून कढईतून बाहेर पडलेल्या पदार्थाचा न्याय होत नाही, इतकेच. दुसरे उदाहरण मुलांच्या ताटाच्या आणखी जवळचे. २००७-०८ च्या सुमारास बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे पाठवली, की शाळांतल्या शिजवलेल्या जेवणाऐवजी जीवनसत्त्वे घातलेली पाकीटबंद बिस्किटे द्या. काही खासदारांनी ती मागणी मंत्र्यांपर्यंत पोचवलीही. पोषणतज्ज्ञांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. बिस्किटवाल्यांची बाजू वरवर काय वाईट होती? स्वच्छता, टिकाऊपणा, मोजलेली पोषकद्रव्ये, सगळे तर होते. नव्हते ते जेवण. आज ‘भाजीऐवजी भाजीचे चिप्स’ म्हणणारे तीच मागणी घरातून करत आहेत, फरक एवढाच की या वेळी फेटाळायला मंत्रालय नाही.

आता सर्वांत कळकळीचा मुद्दा. ‘पोर भाजीला शिवतच नाही, निदान चिप्सच्या रूपाने पोटात जाते.’ ज्या घरात रोज ताटावरून रडारड होते तिथे हा युक्तिवाद हसण्यावारी नेणे क्रूरपणाचे. पण मुलाच्या जिभेचे काय होते ते बघा. नवी चव मुले पहिल्या घासाला क्वचितच स्वीकारतात. तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता थोडी थोडी समोर आली तर बहुतेक मुले ती खाऊ लागतात, हे बालआहारात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. चिप्समध्ये ही ओळख होतच नाही. तिथे चव मिठाची आणि चाट मसाल्याची, आवाज तळणाचा. बीटाच्या जागी सुरण असते तरी त्याला फारसा फरक कळला नसता. वर्षभर बीटाचे चिप्स खाल्लेल्या मुलापुढे बीटाची भाजी ठेवली तर ती त्याला पहिल्या दिवसाइतकीच परकी असते. चिप्सचा खरा उपयोग करायचाच तर असा करावा: बीट किसून, दही आणि शेंगदाण्याचे कूट घालून वाटीभर कोशिंबीर करायची आणि वर बीटाच्याच चार कुरकुरीत चकत्या खोचायच्या. चकत्यांच्या मोहाने मूल वाटी जवळ ओढते. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र कडक चकत्या किंवा कच्च्या गाजराचे तुकडे देऊच नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो.

वेळ आणि उन्हाचे काय? सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या बायकांना सकाळी दोन भाज्या करायला सांगणे हा भरल्या पोटीचा उपदेश आहे. आणि मार्चनंतरच्या उकाड्यात रस्सेदार भाजी बंद डब्यात चार तास ठेवली तर आंबू शकते, ही भीती खोटी नाही. डबा कोरडा हवा हे मान्यच. पण कोरडा म्हणजे तळलेला, असे कोणी ठरवले? या भागाचे धपाटे कशासाठी आहेत? ज्वारीच्या पिठात थोडे डाळीचे पीठ आणि कणीक, तीळ, लसूण-मिरची, आणि बारीक चिरलेली मेथी सढळ हाताने. एका धपाट्यात २५ ग्रॅमच्या आसपास पाला सहज बसतो, दोन खाल्ले की पन्नास. मेथीऐवजी किसलेला दुधी घातला तर तो पिळून घ्यायचा, मीठ शेवटी घालायचे, नाहीतर पाणी सुटून पीठ सैल पडते आणि धपाटे ओल्या फडक्यावरून उचलताना फाटते. रात्री करून ठेवले तरी सकाळी डब्यात जातात. कूट घातलेली कोरडी गवार किंवा भेंडी पोळीत गुंडाळून दिली तरी दुपारपर्यंत टिकते. आणि मुलाला हवा असलेला कुरकुरीतपणाच जर सगळ्याचे मूळ असेल, तर कडक भाकरी घरात आहेच. पातळ, तीळ लावलेली, तेलाचा थेंब नसलेली, शेंगा चटणीशी खायची. (तीही भाजी नव्हे, हे ओघाने आलेच, आणि शेंगा चटणीतही मीठ असतेच.) थंडीत काकडी, गाजर, कोवळा मुळा, डहाळे, हुरडा. या यादीत तळण कुठेच नाही.

राहिली ‘विष’वाली फळी. तिचा एकच मुद्दा दखल घेण्याजोगा आहे. पिठूळ आणि गोड भाज्या १२० अंशांच्या वर कोरड्या तापल्या की ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेले रसायन तयार होते. अन्नातले त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी उघड केले आणि त्यावर पुढे युरोपात नियमही झाले. भाजी बटाट्याची नसली म्हणजे त्यातून सुटका, असे नाही. गडद भाजलेल्या गाजराच्या चकतीतही ते असते. पण तेच भाजलेल्या पावातही असते आणि कॉफीतही. फिकट तळा, करपलेले टाका, रोज खाऊ नका, एवढे त्याचे व्यवहारी उत्तर आहे. विष म्हणून हाकाटी केली की आठवड्यातून एकदा खाणाऱ्या मुलालाही अपराधी वाटू लागते, आणि मग ते शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांचे पाकीट चोरून घेते. तिथे खरे तर कायदा आहे. २०२० च्या नियमांनुसार मीठ, साखर, मेद जास्त असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. डब्यांची झडती घेण्याचा उत्साह शाळांनी त्या ५० मीटरांसाठी राखून ठेवला तर बरे. डब्याबद्दल नियम करायचाच असेल तर काय नको ते लिहू नये, काय हवे ते लिहावे: डब्यात ओळखू येईल अशी एक भाजी रोज असावी, मग सोबत चार चिप्स असले तरी हरकत नाही.

भाजीचे खाते वेगळे ठेवले की नजर आपोआप दुसरीकडे जाते. चिप्सचा हा सगळा वाद डबा नेणाऱ्या मुलांचा आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मुले पोषण आहार खातात. त्याच्या केंद्रीय मापानुसार पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. म्हणजे वर हिशेब केलेल्या ३० ग्रॅम चिप्समध्ये पहिलीच्या मुलाचे दोन दिवसांचे तेल आहे. पण प्रश्न तेलाचा नाही, त्या ५० ग्रॅमचा आहे. दोनशे मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज १० किलो भाजी पातेल्यात पडली पाहिजे. खिचडीत दिसणारे गाजराचे चार तुकडे आणि कोथिंबीर मिळून दहा किलो होतात का? शाळा व्यवस्थापन समितीवर पालक असतात, कायद्यानेच असतात. डब्यातल्या चिप्सवर जो वेळ जातो त्यातला अर्धा तास काढून त्यांनी एखाद्या सकाळी, न सांगता, भाजी चिरायच्या आधी तराजूशी उभे राहावे.